सोड म्हणणारा हात

१

रविवारी सकाळी चहा घेताना मी महिपती सरांना शिव्या देत होते. तो माझा नित्यक्रमच झाला होता. उठायचं, आधण ठेवायचं, गॅलरीतून लोणावळ्याचं धुकं बघायचं आणि त्या माणसाचा उद्धार करायचा. फरक एवढाच की त्या रविवारी ऐकायला समोर माझी भाची चैताली बसली होती.

तिला माझ्या धाकट्या बहिणीनं, अनितानं, कामशेतहून हवापालटासाठी पाठवलं होतं. कामशेत ते लोणावळा हा काय हवापालट? पण अनिताला पोरगी गावातल्या प्रश्नांपासून लांब हवी होती, आणि मला ती जवळ हवी होती. का, ते पुढे कळेलच.

मी बोलत होते, ती मान डोलवत होती. कप तिनं दोन्ही हातांनी धरला होता. आणि मग तो खाली पडून फुटला.

पडला म्हणते खरी, पण मी बघत होते. हात थरथरला नाही, कप निसटला नाही. तिची बोटं एकदम उघडली, कुणीतरी हुकूम दिल्यासारखी. तिनं कप सोडला.

फुटलेल्या कपाकडे माणूस बघतो, अंगावर उडालेल्या चहाकडे बघतो. चैतालीनं आधी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं, मनगट आणि कोपराच्या मध्ये. मग उठून फडकं आणलं.

"गरम होता का?" मी विचारलं.

"नाही मावशी. सॉरी."

माणसं नको त्या ठिकाणी बघतात तेव्हा बातमी तिथं असते, हे मी तीस वर्षं नव्या पोरांना शिकवत आले आहे. त्या सकाळी मात्र मी दुसरा कप भरला आणि पुन्हा महिपती सरांवर आले.

२

मळवलीत, स्टेशनपासून भाताच्या खाचरांच्या कडेकडेनं गेलं की एका मुंबईवाल्याचा बंगला लागतो. शेजारच्या बंगल्यांत शनिवार-रविवारी डीजे आणि स्विमिंग पूल असतात. या बंगल्यात मात्र तळमजल्याच्या भिंती पाडून हॉल केला आहे, त्यात चटया अंथरल्या आहेत आणि दारावर पाटी आहे, निवासी ज्युदो केंद्र, फक्त मुलींसाठी. महिपती सर काही महिने जपानला जाऊन आले. तेव्हापासून पोरींनी त्यांना 'सेन्सेई' म्हणायचं, असा दंडक. मी सर म्हणते, तेही वयाकडे बघून.

आईबाप पोरी तिथं का पाठवतात हे समजून घ्या, म्हणजे राग कुणावर करायचा ते चुकणार नाही. राज्य पातळीवरचं पदक मिळालं की सरकारी भरतीत खेळाडूंच्या जागांवर हक्क सांगता येतो. पोरगी फौजदार होईल, तलाठी होईल. एवढ्या आशेवर आयांनी पोरींचे केस कापून दिले.

नोकरीच्या सुरुवातीला मी क्रीडापान सांभाळलं आहे, ज्युदोही पाहिला आहे. त्यात समोरच्याच्या गळ्याभोवती हात आवळण्याचे डाव आहेत, आणि ते चालतात एकाच भरवशावर. ज्याचा गळा आवळला जातो त्यानं तळहातानं दोनदा थोपटायचं, चटईवर किंवा धरणाऱ्याच्या हातावर. त्याला टॅप म्हणतात. टॅप आला की सोडायचं, त्याच क्षणी. जिंकत असलात तरी, राग असला तरी. आपला गळा दुसऱ्याच्या हातात देता येतो तो या थोपटण्याच्या जिवावर. जपानी लोकांनी या खेळात पडायला आणि सोडायला आधी शिकवलं, पाडायला मागून.

महिपती सरांनी तिथून सगळं आणलं. पांढरे पोशाख आणले, भिंतीवरच्या म्हाताऱ्या जपानी गुरूंचा फोटो आणला, वाकून नमस्कार करणं आणलं. फक्त हे एक तिथंच ठेवून आले. त्यांच्या 'खास सरावा'त टॅप चालत नसे. पोरी धीट व्हाव्यात म्हणून. थोपटलं तरी सोडायचं नाही, सर "मात्ते" म्हणतील तेव्हाच सोडायचं. मात्ते म्हणजे थांब.

दिवाळीनंतरच्या एका सरावात कुरवंड्याची कोमल मेली. सतरा वर्षांची.

केंद्रानं सांगितलं, हृदय कमजोर होतं. पोलिसांनी तेच लिहून घेतलं. सगळ्या पोरींनी एकच वाक्य सांगितलं, तिनं टॅप केलाच नाही. आणि आठ दिवसांत कुरवंड्याच्या फाट्यावर फ्लेक्स लागला. कोमलचा फोटो, मागे सह्याद्री, खाली हात जोडलेले पुढारी आणि मोठ्या अक्षरांत, 'शेवटच्या श्वासापर्यंत हार मानली नाही! मावळच्या वाघिणीला मानवंदना!' जी माणसं कालपर्यंत तिचं आडनाव ऐकून 'म्हणजे खालच्या आळीतली का?' असं विचारत होती, त्यांचेही फोटो त्यावर होते.

कोमलची आई ज्योत्स्ना दुसऱ्यांच्या खाचरात मजुरीला जाते. तिनं मला एकच विचारलं होतं.

"ताई, माज्या पोरीनं हात टेकला व्हता का न्हाई, येवढंच काढा. ही समदी म्हनत्यात ती हटून बसली आन् मेली. माजी पोर आशी न्हवती ओ. तिला जगायचं व्हतं."

ते मला काढायचं होतं. आणि त्या सरावात कोमलच्या मागे बसून तिच्या गळ्याभोवती हात टाकलेली पोरगी माझ्या घरात चहा पीत होती.

३

त्या आठवड्यात चैतालीनं खूप काही सोडलं. पाण्याचा तांब्या. मोबाइल. कुकरचं झाकण. गॅलरीत वाळत घालायची चादर, ती खालच्यांच्या अंगणात गेली. दर वेळी तसंच, बोटं एकदम उघडायची आणि नजर उजव्या हाताकडे जायची.

मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मानेपासून बोटांपर्यंत तपासलं, मुठी आवळायला लावल्या आणि म्हणाले की पोरीची पकड त्यांच्यापेक्षा चांगली आहे. शीर दबत असेल, मनावर ताण असेल. मला ते पटलं. मी आयुष्यभर बुवाबाजीच्या विरोधात लिहिलं आहे. अंगात येणाऱ्या बायांना मी दवाखान्यात पोचवलं आहे आणि भगताला पोलीस ठाण्यात. डोक्यावर ओझं असलेली पोरगी वस्तू पाडते, यात नवल ते काय? तिच्या ओझ्याचं नाव महिपती होतं. मी आणखी चिडले.

मग गुरुवारी आम्ही स्कूटरवरून बाजारात निघालो. चैताली चालवत होती, मी मागे. उतारावर तिनं हँडल सोडलं. दोन्ही हात. समोरून पर्यटकांची बस येत होती. मी मागून झडप घालून हँडल वळवलं, आम्ही गटाराच्या कठड्याला घासून थांबलो. बसवाल्यानं खिडकीतून माझ्या वयाला न शोभणारं काहीतरी म्हटलं, मी त्याच्या वयाला न झेपणारं उत्तर दिलं. मग चैतालीला खाली उतरवलं.

"मरायचंय का तुला?"

"मी नाही सोडलं, मावशी."

"मग कुणी सोडलं?"

ती रस्त्याच्या कडेला बसली. तिनं स्वेटरची उजवी बाही नीट केली, चुरगळली होती म्हणून नव्हे, कुणाचा हात बाजूला करावा तशी.

"टॅप येतो," ती म्हणाली. "टॅप आला की हात आपोआप सुटतो. पहिल्या वर्षी तसंच शिकवलं होतं. पुण्याच्या मॅडम होत्या ना तेव्हा. सर नंतर आले."

मी तिच्याशेजारी बसले. समजावायला तोंड उघडलं, तेवढ्यात माझं लक्ष तिच्या बाहीकडे गेलं. तिचा हात गुडघ्यावर होता. स्वेटरची जाड लोकर मध्येच दबली, वर आली, पुन्हा दबली. वारा बाही फुगवतो. असं तळहाताएवढं दाबत नाही.

तिच्या मुठीत स्कूटरची किल्ली होती. ती खडीवर पडली.

मी किल्ली उचलली. धक्क्यानंतर स्नायू असे उडतात, असं स्वतःला सांगितलं. लोकर का दबली, हे मात्र सांगता येईना. म्हणून मी सवयीचं काम केलं, महिपती सरांना फोन लावला. पोरीचं सामान न्यायला येतेय, असं मी म्हणाले.

४

शनिवारी सकाळी आम्ही मळवलीला गेलो. जाताना वाटेत अनिताचा फोन आला होता. मी स्पीकरवर टाकला आणि पस्तावले.

"ताई, सामान आणू नकोस," ती म्हणाली. "दोन महिन्यांवर स्पर्धा आहे. तुझी बातमी चार दिवस चालेल, पोरीची नोकरी जन्मभर."

"ती हँडल सोडते, अनिता."

"मग रिक्षानं फिरव."

चैताली खिडकीबाहेर बघत राहिली. मी फोन बंद केला.

हॉलमध्ये पोरी पडण्याचा सराव करत होत्या. पाठीवर पडताना तळहात चटईवर जोरात आपटायचा असतो, म्हणजे धक्का विरतो. दहाबारा पोरी पडत होत्या आणि हॉलभर फाट फाट आवाज होत होता. समोरच्या भिंतीवर जपानी गुरूंच्या शेजारी आता कोमलचा फोटो होता, झेंडूचा हार घालून. सराव सुरू करताना पोरी त्या फोटोलाही वाकत असत, हे महिपती सरांनी मला अभिमानानं सांगितलं. मारलेल्या पोरीला रोज नमस्कार.

"बाई, तुम्ही राजकारण करताय," ते म्हणाले. शांत माणूस, दाढी नीट कापलेली. "मी या गावांतल्या पोरींना ताठ उभं राहायला शिकवलं. कोमलनं टॅप केला असता तर ती आज जिवंत असती. नाही केला. तिचा निर्णय."

"तुमच्याकडे टॅप चालतो?"

"मात्ते," ते पोरींकडे वळून म्हणाले.

पोरी जिथल्या तिथे थांबल्या, उठून उभ्या राहिल्या. हात मांड्यांना चिकटलेले, नजर समोर.

आवाज थांबला नाही.

कोपऱ्यात, खिडकीजवळच्या चटईवर, कुणी नव्हतं तिथं, दोनदा आवाज आला. पडण्याचा मोठा फाट नव्हे, हलका. क्षणभर काही नाही. पुन्हा दोनदा. मी आधी खिडकीकडे बघितलं, ती बंद होती. वर जिना होता, तिथं कुणी नव्हतं. शेजारच्या बंगल्यात सुतार असेल, म्हटलं. पण सुताराचा आवाज लाकडाचा येतो. हा मांसाचा होता.

आणि मग मला आणखी काहीतरी दिसलं. पोरींच्या रांगेत त्या कोपऱ्यापुढे मोकळी जागा होती. कुणी तिथं उभं राहत नव्हतं. आवाज होत असताना एकीनंही मान वळवली नाही. महिपती सरांनी नुसता आपला आवाज चढवला, पंख्याची घरघर वाढली की चढवावा तसा, आणि शिस्तीबद्दलचं वाक्य पूर्ण केलं. त्यांना सवय झाली होती.

"हा कसला आवाज?" मी विचारलं.

"कसला आवाज?"

"सर," चैताली म्हणाली. इतका वेळ ती सामानाची बॅग छातीशी धरून दारात उभी होती. "तिनं टॅप केला होता, सर."

"चैताली, तू दमली आहेस."

"माझ्या हातावर केला होता. तुम्ही खिडकीत फोनवर बोलत होता. सत्काराचं चाललं होतं, हार कुणी आणायचे ते. मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही मात्ते म्हणालाच नाहीत."

तिच्या हातातली बॅग पडली. तिनं ती उचलली नाही. उजव्या हाताकडे बघून, शेजारी उभ्या मैत्रिणीला सांगावं तसं, ती हळू म्हणाली, "हो गं, सोडलं."

महिपती सर भिंतीला टेकले. मला त्यांच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप हवा होता. तिथं नुसता हिशेब दिसला, कोण ऐकतंय, कोण बोलेल. मी त्यांना जे बोलले ते छापण्यासारखं नाही. शेवटी मी म्हणाले की सोमवारच्या अंकात हे सगळं येईल, त्यांच्या नावासकट.

"तुमच्या भाचीच्या नावासकट?" त्यांनी विचारलं.

५

गाडीत बसल्यावर चैताली आपणहून म्हणाली, "आधी ज्योत्स्नाकाकूंना सांगू दे. पेपरात वाचायला नको त्यांनी."

मला ते योग्य वाटलं. खरं सांगायचं तर मला आणखी एक वाटत होतं, आणि ते वाटल्याचा मला संताप येत होता. मला वाटत होतं, सांगून टाकलं की ते थोपटणं थांबेल. म्हणजे मीही भगताच्या रांगेत जाऊन बसले होते.

कुरवंड्याला पोचलो तेव्हा दुपारचं ऊन होतं. ज्योत्स्ना ओसरीवर भात पाखडत होती. आम्हाला बघून तिनं सूप खाली ठेवलं, आत नेलं, पाणी दिलं. एकच खोली, सारवलेली. भिंतीवर बुद्धाची तसबीर, बाबासाहेबांचा फोटो आणि खाली खिळ्याला टांगलेली कोमलची पदकं. चैताली पाणी प्यायली नाही, पेला हातात घ्यायला ती घाबरत होती. ती ज्योत्स्नासमोर जमिनीवर बसली आणि सगळं सांगितलं. टॅप कधी आला, किती जोरात आला, आपण सरांकडे बघत कशा राहिलो. रडली नाही. कुठेही स्वतःला वाचवलं नाही.

ज्योत्स्ना ऐकत होती. मला वाटलं, ती आता हिला मारेल. मारलं असतं तर मी मध्ये पडले नसते.

"म्हंजी तिनं हात टेकला व्हता," ती म्हणाली.

"हो काकू."

"मी म्हनत न्हवते?" हे माझ्याकडे बघून. "मी पयल्या दिसापून म्हनत व्हते."

तिनं चैतालीला जवळ ओढलं. पोरीचं डोकं छातीशी घेतलं, एक हात तिच्या मानेमागून गळ्याभोवती घातला आणि रडायला लागली, मोठ्यानं, महिनाभराचं. चैतालीनं डोळे मिटले. तिचे दोन्ही हात मांडीवर पडले होते, तळवे वर करून. मी ते नीट पाहिले आहेत. म्हणून हे लिहिते आहे.

ज्योत्स्नाच्या हातातल्या काचेच्या बांगड्या वाजल्या. दोनदा.

तिचं रडणं एकदम थांबलं. तिनं आपल्या हाताकडे पाहिलं. बांगड्या पुन्हा वाजल्या, दोनदा, आणि कोपराखाली उन्हानं रापलेली तिची कातडी दबून वर आली. चैतालीचे हात मांडीवरच होते.

"सोडा तिला, ज्योत्स्नाबाई," मी म्हणाले.

तिनं ऐकलं नाही. आई मुलाचा हात अंधारातही ओळखते. तिचा चेहरा उजळला. इतका आनंद मी त्या घरात त्याआधी कधी पाहिला नव्हता.

"कोमे," ती म्हणाली. "आली व्हय गं?"

बांगड्या वाजल्या. ज्योत्स्ना हसली आणि तिनं हात आणखी आवळला.

चैतालीच्या टाचा सारवणावर घासायला लागल्या. मी ज्योत्स्नाचा हात दोन्ही हातांनी धरून ओढला. चिखलात उभं राहून जन्मभर भात लावलेला हात तो. माझ्या पेन धरणाऱ्या हातांनी तो तसूभर हलला नाही. मी ओरडले, की कोमल तेच सांगतेय, सोड म्हणतेय, त्याचा अर्थ सोड असा आहे.

"मला म्हाइती हाय ओ ताई," ज्योत्स्ना म्हणाली, अगदी मऊ आवाजात, झोपलेलं मूल उठू नये म्हणून बोलावं तशी. "पर सोडलं की जाईल ना ती."

बांगड्या वाजत होत्या. आता दोनदा नाही. एकसारख्या.